विचारपूस की भोचकपणा? वाचनालयाच्या ओट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या एका गावात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे एक खोली, चार कपाटं, दोन वर्तमानपत्रं आणि बाहेर बसायला ओटा. पुस्तकं आत आणि गजाली (गप्पा) ओट्यावर, अशी वाटणी पहिल्यापासून आहे. या ओट्यावर कुणी ना कुणी दुखावलं जातं आणि मग दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. एक म्हणते, "मी नुसतं विचारलं, त्यात काय बिघडलं?" दुसरी म्हणते, "हिला काय करायच्या आहेत पंचायती?" त्यातून साठलेले प्रश्न आणि माझी उत्तरं खाली दिली आहेत.

कुतूहल आणि भोचकपणा यांत नेमका फरक काय?

मला तो घराच्या रचनेवरून कळतो. आमच्याकडचं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पाणंदीतून आलं की गडग्यातलं बेडं, म्हणजे दगडी कुंपणातलं फाटक, मग खळं, म्हणजे पुढचं अंगण, मग पडवी, ओटी आणि आत माजघर. मासेवाली खळ्यातून हाक मारते. शेजारी पडवीत टेकतो. पाहुणा ओटीवर बसतो. माजघरात घरची माणसं, नाहीतर घरच्यांनी हाताला धरून आत नेलेलं माणूस. कुठेही पाटी नसते, पण शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

प्रश्नांचंही तसंच आहे. "तुमच्याकडे पाऊस कसा?" हा खळ्यातला प्रश्न. "धाकटा काय शिकतो?" हा पडवीतला. "थोरल्याचं लग्न का मोडलं?" हा माजघरातला. तोच प्रश्न सख्ख्या बहिणीने विचारला तर तो आधार होतो, कारण ती आतच बसलेली असते. भोचक माणूस खळ्यात उभा राहून माजघरातलं विचारतो, आणि तेही मोठ्याने.

आणखी एक खूण आहे. कुतूहल असलेल्या माणसाला उत्तर मिळालं की तो त्याच विषयात पुढे शिरतो. भोचक माणूस उत्तर घेऊन पुढच्या घरी जातो.

(यासाठी एक जुना शब्द सर्रास वापरला जातो, 'चांभारचौकशा'. मी तो वापरत नाही. एका जातीच्या माथी सगळ्या गावाची खोड मारलेली आहे त्यात. भोचकपणा, लुडबुड, नाक खुपसणं, उकरून काढणं असे भरपूर शब्द असताना तो कशाला हवा?)

मग "खंय चललंस?" (कुठे चाललीस?) हाही भोचकपणाच का? आमच्याकडे तर सगळेच विचारतात.

अजिबात नाही. "खंय चललंस गो?" याला "ह्या हयसरच", म्हणजे इथेच जवळ, एवढं उत्तर पुरतं. विचारणारा "बरां" म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. त्याला तुमचा ठावठिकाणा नकोच होता. तू मला दिसलीस, मी तुला दिसलो, याची ती पोच आहे. "जेवलंस काय?" हेही तसंच. दुपारी चार वाजताही विचारतात. नाही म्हटलं तर मात्र खरंच पान वाढतील, तेव्हा जपून.

मुंबईहून नव्याने आलेल्या सुनांना हे जाचतं. एकीने पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला इमानदारीने सगळं सांगायला सुरुवात केली. बँकेत केवायसी आहे, मग तिथून मोबाईलचं दुकान, मग येताना कोथिंबीर. ऐकणारी आजी डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन उभी होती.

गोम दुसऱ्या प्रश्नात असते. "हयसरच" म्हटल्यावर "हयसर म्हणजे खंय? आणि पिशयेत काय?" असं सुरू झालं, की पोच संपली आणि झडती सुरू झाली असं समजावं.

माहेरी आलेल्या मुलीला "किती दिवस राहणार?" असं विचारलं तर ती चिडली. का?

कारण तिला तुमचा खरा प्रश्न ऐकू आला.

मी पाहिलेलं सांगते. मे महिन्यातली संध्याकाळ होती. तिठ्यावर एस.टी. थांबली आणि वाडीतली एक मुलगी उतरली. कडेवर दोन वर्षांचं मूल, हातात मोठी बॅग आणि बॅगेच्या पट्ट्याला अडकवलेली पिशवी. पिशवीतून प्रेशर कुकरचं काळं हँडल बाहेर डोकावत होतं. सुट्टीला येणारी मुलगी आंब्यासाठी रिकामी पिशवी आणते, कुकर आणत नाही. तिठ्यापासून तिच्या घरापर्यंत नऊ घरं. आठ घरांतून हसतमुखाने एकच प्रश्न आला, "किती दिस रवतलंस?" सगळ्यांची नजर त्या हँडलवर. तिने आठही वेळा "बघूया" म्हटलं, आणि दर वेळी तिची चाल जरा जलद होत गेली.

नवव्या घरच्या काकी खळ्यात फणस फोडत होत्या. हाताला खोबरेल आणि चीक, त्यामुळे मूल घेता येईना. त्यांनी कोपरानेच बाजूचा पाट पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बस. गरे खा. चाय ठेवतंय." कुकर त्यांनाही दिसला होताच, त्यांची नजर गावात सगळ्यांत तीक्ष्ण आहे. तिसऱ्या दिवशी मुलगी आपणहून त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसली आणि सगळं बोलली. बाकी आठ घरांना ते कळायला गणपती उजाडला.

आडनाव, गाव, कुलदैवत विचारणं यात वावगं काय? ओळख काढतोय आम्ही.

कोकणात ओळख काढणं ही कलाच आहे. "कोणाचो रे तू?" पासून सुरू करून तिसऱ्या वाक्याला तुमच्या आजीचं माहेर शोधून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. तशी ओळख निघाली की दोन्ही बाजूंना आनंद होतो, शहाळं फोडलं जातं.

पण स्वतःशी खरं बोलूया. कित्येकदा हे सगळे प्रश्न एकाच प्रश्नाकडे चाललेले असतात, जो तोंडावर विचारायची लाज वाटते. नवीन शिक्षक आले. "पूर्ण नाव काय म्हणालात?" त्यांनी आडनाव सांगितलं, त्यावरून उमगेना. "मूळ गाव?" तेही सांगितलं. "गावात घर कुठल्या वाडीत?" इथे शिक्षक थांबले आणि म्हणाले, "जात विचारायची आहे का? सरळ विचारा." ओट्यावर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. विचारणाऱ्याचं म्हणणं, मी आपुलकीनेच विचारत होतो. असेलही. पण उत्तर मिळाल्यावर चहाचा कप बदलणार असेल तर ती आपुलकी कसली?

ओळखच काढायची तर आधी स्वतःची सांगा. मी अमक्याचा, माझं आजोळ तमकं. समोरच्याला जुळवायचं असेल तर तो जुळवेल.

पगार, आंब्याचे पैसे, मुंबईतली खोली यांबद्दल विचारावं का?

"यंदा मोहोर कसा?" विचारा. "तुडतुडा पडला का?" विचारा. "वाशीत पेटीचा काय भाव फुटला?" हेही चालतं, कारण भाव बाजाराचा असतो, माणसाचा नसतो. त्यातून शिकायला मिळतं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या ओट्यावर महिनाभर त्यावर चर्चा झाली. नोंदणी कशी करायची, पेटीवर काय छापायचं, कोकणाबाहेरचा आंबा हापूस म्हणून विकला तर काय करायचं. ते अस्सल कुतूहल. "तुमच्या किती पेट्या गेल्या आणि हातात किती उरले?" हा प्रश्न आला की बागायतदार घोरपडीसारखा चिकटून गप्प बसतो.

चाकरमान्यांना पगार विचारू नका. ते खरा सांगत नाहीत आणि तुम्हाला तो खरा वाटत नाही.

"गोड बातमी कधी?"

विचारू नये. एवढंच उत्तर. ज्यांना सांगायची असेल ते पेढे घेऊन येतील, आणि ज्या जोडप्याच्या घरात त्यावरून रात्री डोळे पुसले जातात त्यांना तुमचा प्रश्न नको आहे. पोट दिसू लागल्यावर "डॉक्टर काय म्हणाले, मुलगा की मुलगी?" विचारणाऱ्यांना माहीत असावं, की १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. म्हणजे तुम्ही त्या बाईला गंमत म्हणून गुन्ह्याबद्दल विचारताय.

सातबारा तर ऑनलाइन कुणालाही दिसतो. शेजाऱ्याचा बघितला तर बिघडलं कुठे?

बघण्यात काही बिघडलं नाही. जमिनीची नोंद उघडी असते ती काही कारणाने. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात, अर्धे मुंबईत, काही वारलेले, काहींचे वारस लागलेले नाहीत. जमीन घेणाऱ्याने, हद्द लागून असणाऱ्याने, भावकीतल्या माणसाने तो वाचलाच पाहिजे. फेरफार वाचायला शिका, इतर हक्कात काय लिहिलंय ते बघा. मी स्वतः दर शनिवारी लोकांना शिकवते.

पण एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावरचा सोसायटीच्या कर्जाचा बोजा वाचला आणि त्याच्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या कानावर घातला. कागद सरकारी होता, आकडा खरा होता. तरीही मी त्याला भोचकपणाच म्हणते. उघडं दिसतं ते सगळं उचलून भलत्या दारात नेऊन ठेवायचा परवाना कुणी दिलेला नाही.

मुलं फार प्रश्न विचारतात. त्यांना आवरावं का?

कृपा करून आवरू नका. मुलांचा प्रश्न माणसाबद्दल असेल तर त्यांना हळूच बाजूला घेऊन सांगा, पण प्रश्न विचारायची हौस मारू नका. "त्या काकांचा पाय असा का?" हे मोठ्याने विचारणारं मूल भोचक नसतं, त्याला अजून खळं आणि माजघर यांतला फरक कळायचा असतो.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी या किनाऱ्याला काय दिलंय ते पाहा. आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली चित्रं आहेत: मासे, हत्ती, माणसाच्या आकृत्या, कशाचा अर्थ लागत नाही असे चौकोन. गुरं राखणाऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कुठे त्यांना पांडवांनी काढलेली चित्रं म्हणत, कुठे काहीच म्हणत नसत. मग रत्नागिरीतली काही हौशी माणसं गावोगाव फिरू लागली आणि म्हाताऱ्या गुराख्यांना विचारू लागली, "तुमच्या सड्यावर काही कोरलेलं आहे का?" हा खळ्यात उभं राहून विचारायचा प्रश्न होता, आणि विचारून ते स्वतः उन्हात पायपीट करायचे. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, आमच्या शेजारच्या मालवण तालुक्यातलं कुडोपी. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. चिपळूणजवळच्या पेढे गावात १८८० साली जन्मलेले पां. वा. काणे धर्मशास्त्राच्या इतिहासामागे तीसेक वर्षं लागले होते, त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. त्या माणसाने ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या सुनेबद्दल किती वेळ घालवला असेल, याचा अंदाज आपला आपण करावा.

आम्ही पर्यटक आहोत. आम्हाला इथल्या जगण्याबद्दल कुतूहल आहे. काय पाळावं?

वेळासचं उदाहरण घ्या. मंडणगड तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. कुणाचीही तक्रार नसते, उलट सगळे श्वास रोखून बघतात. कासवाच्या पिल्लाला आपण जेवढी जागा देतो तेवढी माणसाला दिली तरी खूप झालं.

हर्णैच्या बंदरावर लिलाव बघायला जरूर जा. पण टोपली डोक्यावर घेऊन धावपळीत असलेल्या बाईच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका. आधी विचारा. ती बहुतेक "काढ" म्हणेल, किंवा "आधी पापलेट घे" म्हणेल, आणि तिचं बरोबर आहे. आणि तुमचा ड्रोन! परसात आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या बाईच्या डोक्यावर घिरट्या घालून तो 'कोकणातली सकाळ' टिपत असतो. खासगी क्षणी बाईला पाहणं किंवा तिचं चित्रीकरण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, हे तुमच्या माहितीसाठी.

नवऱ्याचा/बायकोचा फोन बघावा का? लास्ट सीन?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तो निकाल सरकार आणि नागरिक यांच्यातला होता, पण त्यातला मुद्दा घरातही लागू पडतो असं माझं मत. लग्न झालं म्हणजे पासवर्डही सामाईक खात्यात गेला असं होत नाही. आणि बाई इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं, याची ओट्यावरच्या तरुण मंडळींनी नोंद घ्यावी. संशय असेल तर समोर बसून विचारा. अवघड आहे, पण रात्री दोन वाजता बाथरूममध्ये दुसऱ्याचा फोन घेऊन बसण्यापेक्षा बरं.

कुणी आजारी असेल तर विचारायचंच नाही का?

विचारा ना. पण "काय झालंय?" ऐवजी "डबा आणू का? कणकवलीला जाताना गाडी हवी का?" असं विचारा. आजाराचं नाव सांगायचं की नाही ते त्या घराला ठरवू द्या. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे, न्यायालयाचा आदेश सोडला तर कुणालाही आपली स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही.

मराठीत 'पुसणे' म्हणजे विचारणे आणि पुसणे म्हणजे पुसणेही. विचारपूस हा शब्द मला त्यामुळे फार आवडतो.

शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. चौकशी केली तर "आमच्या घरात नाक खुपसू नका" म्हणतात.

खुपसा. इथे माझं मत ठाम आहे. बेडं, खळं, माजघर ही सगळी मर्यादा माणसाला जपण्यासाठी आहे, मारणाऱ्याला लपण्यासाठी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर खटला होऊ शकत नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. ओट्यावर येऊन "काल पण ऐकलं हां" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ऐकलंत तर फोन करा. नुसतं ऐकून सांगत फिरणं हा भोचकपणाचा सगळ्यांत वाईट प्रकार.

देवळात सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घालतात. मग खासगी असं राहिलंच काय?

गाऱ्हाणं नीट ऐका. गुरव म्हणतो, ह्या तुझ्या लेकराच्या मनात जी काय इच्छा असेल ती पुरी कर, जी काय वाकडी वाट असेल ती सरळ कर, आणि सगळा गाव म्हणतो, "होय महाराजा!" इच्छा कुठली, वाट कुठे वाकडी, हे कुणी विचारत नाही. माहीत नसताना सगळे होय म्हणतात. आमच्या जुन्या माणसांना खासगीपणा हा शब्द माहीत नव्हता, पण ही युक्ती माहीत होती.

भोचक प्रश्नाला उत्तर काय द्यावं?

रागावू नका, गावात उद्या परत भेटायचं असतं. "बघूया" हे कोकणातलं सगळ्यांत उपयोगी उत्तर. त्याच्याने भागलं नाही तर "तुमचं काय चाललंय?" असा चेंडू परतवा, भोचक माणसाला स्वतःबद्दल बोलायला नेहमी वेळ असतो. तिसऱ्यांदा आलाच तर शांतपणे म्हणा, "त्याबद्दल नको बोलूया." आणि लगेच पावसावर या. पाऊस आमच्याकडे बाराही महिने बोलायला पुरतो.

तुम्ही स्वतः कधी चुकलात का?

हो. पूर्वी आमच्याकडे पुस्तकाच्या मागे कार्ड असायचं आणि त्यावर नेणाऱ्याचं नाव. कुणी काय वाचलं ते पुढच्याला आपसूक दिसे. वर रजिस्टरही माझ्या टेबलावर उघडंच. एक दिवस वाडीतल्या एक बाई आल्या आणि कौतुकाच्या सुरात म्हणाल्या, "आमची सून वाचते हां हल्ली. काय नेते बघूया तरी." मलाही कौतुक वाटलं. मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. पुस्तक विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्याबद्दलचं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पदराला पुसला आणि गेल्या.

पुस्तक चार दिवसांनी परत आलं, एका शाळकरी मुलाच्या हातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ती पुन्हा वाचनालयात आली नाही. मी तिच्या वाटेवर दोनदा जाऊन उभी राहिले, तिने "बरी आहे" म्हटलं आणि पुढे गेली. त्या महिन्यात मी सगळी कार्डं काढून टाकली. आता रजिस्टरात सभासद क्रमांक असतो, नाव नसतं, आणि रजिस्टर कपाटात असतं.

तिची पन्नास रुपयांची अनामत अजून जमा आहे. दर वर्षी ताळेबंदात ती रक्कम पुढे ओढताना मी तो क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिते.